सैल सोडा, काही होत नाही

सकाळचे साडेसात. पॅथॉलॉजी लॅबच्या चिंचोळ्या खोलीत स्पिरिटचा वास, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर, ट्रेमध्ये लाल, जांभळ्या आणि राखाडी टोपणांच्या नळ्या. खुर्चीत बसलेला गडी पस्तिशीचा, चांगला दणकट. बाही वर करता करता त्याने मनगटावरचं घड्याळ दोनदा काढलं आणि दोनदा घातलं. रक्त घेणाऱ्या ताईंनी दंडाला रबरी पट्टा आवळला, "मूठ घट्ट वळा" म्हणाल्या. त्याने वळली. सुई गेली, नळीत रक्त येऊ लागलं, पट्टा सुटला. "आता मूठ सोडा. अंग सैल सोडा, काही होत नाही. मोठ्ठा श्वास घ्या." त्याने शहाण्या मुलासारखं सगळं ऐकलं. अंग सैल सोडलं आणि खुर्चीतच कलंडला. चेहरा पांढराफटक, कपाळावर थंड घाम. ताईंना याची सवय असावी. त्यांनी सुई काढली, हाताशी आलेल्या दोघांच्या मदतीने त्याला बाकावर आडवं केलं, पायाखाली उशी दिली. अर्ध्या मिनिटात त्याने डोळे उघडले. "एवढा मोठा माणूस, आणि एवढ्याशा सुईला घाबरतो," बायको हसत म्हणाली, पण हात त्याच्या कपाळावरून काढला नाही. तो ओशाळला. काउंटरवरून आवाज आला, "नाश्ता करून बरोबर दोन तासांनी या हं, पीपीला, खाल्ल्यानंतरची साखर बघायला."

प्रसंग एवढाच. पण ते "सैल सोडा" डोक्यातून जाईना. ताई मायेनेच म्हणाल्या होत्या. आपण सगळेच म्हणतो. कुणी घाबरलं की आपल्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघतं. मात्र त्या खुर्चीत बसलेल्याची जी भीती होती, तिच्यावर हा सल्ला नेमका उलटा पडतो.

भीतीने छाती धडधडते, रक्तदाब चढतो, हातपाय पळायला नाहीतर मारायला तयार होतात. चढलेल्या रक्तदाबात माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. लिफ्टला घाबरणारा, कुत्र्याला घाबरणारा, भाषणाआधी पाय लटपटणारा, या सगळ्यांना "आता मी पडणार" असं हमखास वाटतं आणि ते जवळजवळ कधीच पडत नाहीत. अपवाद रक्त, जखम आणि सुईच्या भीतीचा. तिथे गाडी दोन टप्प्यांत जाते. आधी नाडी आणि दाब वर, मग दोन्ही धाडकन खाली. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो. ही भीती घराण्यात चालत येते. "आमच्या बाबांनाही असंच व्हायचं" हे वाक्य अशा घरांत नेहमी ऐकू येतं. दाब आधीच उताराला लागलेला असताना स्नायू सैल सोडायला सांगणं म्हणजे उतारावर ब्रेक काढून घेणं.

स्वीडनमध्ये उप्साला इथे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर १९८७ साली साधा उपाय मांडला: अंग आवळा. खुर्चीत बसायचं. दंड, छाती, पोट आणि मांड्या एकदम आवळायच्या आणि दहा ते पंधरा सेकंद तशाच धरायच्या. चेहऱ्यावर ऊब चढल्याचं जाणवलं पाहिजे, ती खूण. मग वीस-तीस सेकंद सोडायचं, पण गादीवर अंग टाकल्यासारखं नाही, नेहमी बसतो तेवढंच. असं पाच वेळा. दिवसातून पाचदा, आठवडाभर. हे अंगवळणी पडलं की थेरपिस्ट रक्ताचे, जखमांचे फोटो दाखवतो आणि माणसाने स्वतःच्या घसरणीची पहिली खूण ओळखायला शिकायचं असतं. कुणाला जांभई येते, कुणाच्या कानात दडे बसतात, कुणाच्या पोटात ढवळतं. खूण दिसली की लगेच आवळायचं. साधारण पाच बैठकांचं काम. चुका ठरलेल्या असतात. लोक आवळताना श्वास धरून ठेवतात. जोर इतका लावतात की डोकं दुखायला लागतं. तसं झालं तर जोर कमी करायचा, मधली विश्रांती वाढवायची. आणि सुईचा हातही आवळतात, मग शीर सापडत नाही. तो हात तेवढा मोकळा ठेवून बाकीचं अंग, विशेषतः पाय, आवळायचे असतात.

म्हणजे ताईंचं "मूठ घट्ट वळा" हेच औषधाच्या जास्त जवळ होतं.

मग "सैल सोडा"चं एवढं माहात्म्य आलं कुठून? शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात स्नायू एकेक करून ताणायची आणि सोडायची रीत बसवली. पुढे दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे यांनी तिच्यावर अख्खी उपचारपद्धती उभारली. त्यांचं म्हणणं आपल्याकडच्या म्हणीत सांगायचं तर एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत: शरीर पुरतं सैल असेल तर भीतीला जागा मिळत नाही. आधी शिथिलीकरण शिकायचं, मग भीतीच्या गोष्टींची सर्वात सौम्य ते सर्वात भयंकर अशी उतरंड लावायची आणि सैल पडल्या पडल्या तिची एकेक पायरी डोळ्यांसमोर आणायची. भीतीला शून्य ते शंभर असे गुण द्यायची वोल्पेंची सवय आजही प्रत्येक थेरपिस्टच्या वहीत आहे. त्यांचं पुस्तक १९५८ चं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कला मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने तीन वर्षांच्या आतल्या पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवली होती. मुलगा आवडीचं काहीतरी खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटरने सशाला आपली बोटं कुरतडू दिली. त्यातली मेख जोन्सबाईंनी तेव्हाच लिहून ठेवली आहे: घाई करून ससा फार लवकर जवळ आणला, तर मूल सशावर प्रेम करायचं बाजूलाच राहील, खाण्यालाच घाबरायला लागेल.

नंतरच्या प्रयोगांत शिथिलीकरणाचा भाग वगळून पाहिला, तरी माणसं बरी होत होती. काम करत होतं ते भीतीसमोर उभं राहणं. यावर रागावणारे लोक आहेत, विशेषतः ज्यांनी ध्यानाच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली आहे. शिथिलीकरण वाया गेलेलं नाही. कायम आखडलेले खांदे आणि न लागणारी झोप यांना त्याने आराम पडतोच. पण "भीती आली की लगेच दीर्घ श्वास" असं झालं, की श्वासही पळून जायचं दार बनतो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

ही म्हण ज्याने केली त्याला वर्तनोपचाराचा, म्हणजे वागणं बदलून भीती घालवणाऱ्या उपचाराचा, गाभा कळला होता. राक्षस पाठीमागे लागतो तो पळणाऱ्याच्या. समजा, सहाव्या मजल्यावर राहणारी एक बाई लिफ्ट टाळून जिन्याने जाते. पहिल्या पायरीवर पाय ठेवताक्षणी तिला सुटल्यासारखं वाटतं. हा सुटकेचा नि:श्वास म्हणजे भीतीला दिलेला पगार. तो रोज मिळतो, म्हणून भीती रोज कामावर येते. आणि लिफ्टमध्ये काय झालं असतं हे मेंदूला कधी कळतच नाही. खुद्द फ्रॉइडने १९१८ साली बुडापेस्टच्या परिषदेत कबूल केलं होतं, की रस्त्यावर एकट्याने जायला घाबरणारा रुग्ण विश्लेषणातून आपोआप बरा होईल म्हणून वाट पाहिली तर तो कधीच बरा होणार नाही. त्याला रस्त्यावर जाऊन भीतीशी झगडायला लावलं पाहिजे. आणि जर्मन कवी ग्योटेने त्याच्याही आधी, स्ट्रासबुर्गला विद्यार्थी असताना, उंचीची भीती घालवायला तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढून, टोकाच्या जेमतेम पाय मावेल एवढ्या जागेवर उभं राहून पाहिलं होतं. डॉक्टरच्या फीशिवाय.

जिन्यावरच्या बाईला थेरपिस्ट काय सांगतो? आधी शिडी. बंद लिफ्टसमोर पाच मिनिटं उभं राहणं, भीती २५. दार उघडं ठेवून आत उभं राहणं, ४०. सोबतीने एक मजला, ५०. एकट्याने एक मजला, ६५. एकट्याने सहा मजले, ८०. दवाखान्याच्या जुन्या, कुरकुरणाऱ्या, जाळीच्या लिफ्टने, ९५. प्रत्येक पायरीआधी एक चिठ्ठी: "काय होईल असं वाटतंय, आणि किती टक्के खात्री?" बाई लिहिते, लिफ्ट अडकेल, हवा संपेल, मी गुदमरेन, सत्तर टक्के. खाली आल्यावर त्याच चिठ्ठीच्या मागे: प्रत्यक्षात काय झालं? ही चिठ्ठी म्हणजे सगळ्या उपचाराचा कणा आहे आणि तीच बहुतेक जण आळसाने गाळतात. पूर्वी समजूत होती की भीती त्या बैठकीतच उतरली पाहिजे, निम्म्यावर यायच्या आत बाहेर पडायचं नाही. आता मिशेल क्रास्के यांच्यासारखे संशोधक सांगतात की ती उतरली नाही तरी चालेल. छाती धडधडत असतानाच "जे होणार होतं ते झालं नाही" हा धक्का बसला पाहिजे. अंदाज आणि निकाल यांच्यातलं अंतर जितकं मोठं, तितका धडा पक्का.

आणि फिस्कटतं कुठे? एक, घाईत. पहिल्याच दिवशी नवरा हाताला धरून तिला जाळीच्या लिफ्टमध्ये कोंबतो, ती तिसऱ्या मजल्यावर रडत बाहेर पडते, भीतीला दुप्पट पगार मिळतो. दोन, अंतर पडल्याने. आठवड्यातून एकदा, तेही थेरपिस्टसोबत, याने काही होत नाही, रोज हवं. तिसरी चूक सर्वात चोरटी. बाई रोज सहा मजले जाते, भीती मात्र तिळभर हलत नाही. मग विचारता विचारता कळतं, की मुठीत मोबाईल असतो, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि अर्ध्या गोळीची पुडी असते, नजर मजल्याच्या आकड्यावर खिळलेली असते, ओठांवर रामरक्षा असते. यांना सुरक्षेच्या कुबड्या म्हणावं. लिफ्ट सुखरूप पोचते, पण श्रेय लिफ्टला मिळत नाही, बाटलीला मिळतं. रामरक्षेबद्दल थेरपिस्टची पंचाईत होते. श्रद्धेने रोज संध्याकाळी म्हणणाऱ्याला कोण कशाला अडवेल? फक्त "म्हटली नसती तर आज गुदमरले असते" असा हिशेब मनात चालू असेल, तर तेवढ्या सहा मजल्यांपुरती ती मुकाट्याने उभी राहील का, एवढं विचारावं लागतं. काही जणी चिडतात. ते साहजिक आहे.

शिवाय एक कटू गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. भीती पुसली जात नाही. पावलोव्हच्या कुत्र्यांची लाळ घंटेनंतर अन्न न दिल्यास थांबायची, आणि मध्ये काही काळ गेला की परत सुटायची. नवं शिकणं जुन्याच्या शेजारी बसतं, त्याची जागा घेत नाही, आणि ते जिथे झालं त्या जागेला चिकटून राहतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये निर्धास्त झालेली बाई मॉलच्या काचेच्या लिफ्टमध्ये पुन्हा थिजते. म्हणून सराव वेगवेगळ्या लिफ्टमध्ये, वेगवेगळ्या वेळी, एकट्याने आणि गर्दीत करायचा. सहा महिन्यांनी भीतीने पुन्हा डोकं वर काढलं तर उपचार फुकट गेला असं नाही. शिडीच्या मधल्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचं, या वेळी लवकर आटपतं.

पॅनिक अटॅकची गोष्ट थोडी वेगळी. तिथे लिफ्ट, कुत्रा असं बाहेर काहीच नसतं, राक्षस छातीतच असतो. रात्री अकराला धडधड, हाताला मुंग्या, "हार्ट अटॅक आला", रिक्षा, कॅज्युअल्टी, ईसीजी नॉर्मल. पहिल्यांदा जायलाच हवं, त्यात शंका नाही. पण चौथ्यांदा? ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं, की हे चक्र शरीराच्या साध्या जाणिवेचा भयंकर अर्थ लावण्यातून फिरतं: धडधड म्हणजे मरण, चक्कर म्हणजे वेड. भीतीने धडधड वाढते, वाढली म्हणून भीती वाढते. उपचार असा, की तीच जाणीव मुद्दाम अंगावर घ्यायची. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉने दोन मिनिटं श्वास घ्यायचा. फिरत्या खुर्चीत मिनिटभर गरगरायचं. एक मिनिट जोरजोरात धापा टाकायच्या. जागच्या जागी पळायचं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही नाही. बाकीच्यांच्या बाबतीत खोलीतलं दृश्य जरा विनोदी असतं, थेरपिस्टही स्ट्रॉ तोंडात धरून बसलेला. पहिल्या खेपेला डोळ्यांत पाणी येतं. सातव्या-आठव्या खेपेला माणूस म्हणतो, "हं, मुंग्या आल्या. येऊ देत."

घरात मात्र हे सगळं उलटं चालतं, आणि तेही प्रेमापोटी. "गॅस बंद केला ना गं?" "हो रे, केला." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आईने दिवसातून चाळीस वेळा "हो रे" म्हटलं, तर ते चाळीस छोटे पगार झाले. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये या मंत्रचळावर, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारावर, ज्याला आता ओसीडी म्हणतात, पहिल्यांदा धाडसी इलाज केला: मळ समजल्या जाणाऱ्या वस्तूला हात लावायला सांगायचा आणि नंतर धुऊ द्यायचा नाही. आज हे जबरदस्तीने होत नाही, रुग्णाच्या संमतीने आणि पायरीपायरीने होतं. घरच्यांनाही बैठकीला बोलावतात. त्यांनी एकाएकी गप्प बसायचं नसतं, तो मारच झाला. आधी ठरवून घ्यायचं, मग प्रश्न आला की म्हणायचं, "हा तुझ्या आजाराचा प्रश्न आहे, याचं उत्तर आज मी देणार नाही, पण मी इथेच बसते." हे म्हणताना आईच्या पोटात तुटतं. वहीत या वाक्यासमोर गुण द्यायचे झाले तर आईचे मुलापेक्षा जास्त भरतील.

विचारांकडून येणाऱ्या वाटाही आहेत. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक रुग्णासोबत वकिलासारखे पुरावे तपासायचे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस जास्त तिखट. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायच्या भीतीवर त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला: महिनाभर ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. शंभरेक जणींशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. कुणी पोलीस बोलावला नाही, कुणी ओकारी केली नाही, असं ते नंतर मिश्कीलपणे सांगत. त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली ती एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार करणाऱ्या के. एम. फडके यांनी, मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थेमुळे ती पुढे शिबिरांतून घराघरांत पोचली. या पद्धतीला मराठीत एक आयतं हत्यार मिळालं आहे, ते म्हणजे 'च'. "मुलाखत चांगली व्हावी" ही इच्छा. "मुलाखत चांगली झालीच पाहिजे" इथे घाम फुटतो. रुग्णाला त्याचीच वाक्यं लिहायला लावून 'च' वर लाल पेन फिरवणं ही माझ्या मते तासाभराच्या व्याख्यानापेक्षा कामाची गोष्ट. पण नुसतं पेन फिरवून लिफ्टची भीती जात नाही. एलिसनाही बागेत जावंच लागलं होतं.

काळजीखोर माणसाचं आणखी वेगळं. त्याला एका गोष्टीची भीती नसते, सगळ्याचीच असते. मन चिंती ते वैरी न चिंती. अमेरिकेतल्या टॉमस बॉर्कोव्हेक यांनी अशांना रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत बसून काळजी करायला सांगितलं. एरवी काळजी आली तर वहीत एक ओळ लिहायची आणि "संध्याकाळी सहाला ये" म्हणायचं. सहाला बसल्यावर निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असतात. झोपायच्या जवळची वेळ मात्र घेऊ नये, ही चूक सर्रास होते. गंमत म्हणजे याच लोकांतल्या काहींना शिथिलीकरण करायला बसवलं की जास्त घाबरायला होतं. पहारेकऱ्याला झोपायला सांगितल्यासारखं वाटतं त्यांना. आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांची पद्धत तर विचाराशी वादच घालत नाही. "मी नापास होणार" च्या ऐवजी "मला असा विचार येतोय की मी नापास होणार" असं म्हणून पाहायचं, आणि त्या विचाराला काखेत घेऊन परीक्षेला जायचं. ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो. तीन आठवडे करून पाहणाऱ्याला तसं वाटत नाही.

थेरपिस्ट शोधणारे विचारतात, यातली कोणती चांगली? त्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत तुम्हाला काही करायला सांगितलं का, ते पाहा. नुसतंच बोलून हलकं वाटत असेल, गृहपाठ नसेल, टाळलेल्या एकाही गोष्टीचं नाव वहीत आलं नसेल, तर ते हलकं वाटणंही जिन्याची पहिली पायरीच असू शकतं. आणि सुईला घाबरणाऱ्याला पहिल्या दिवशी डोळे मिटून सैल पडायला लावलं, तर थेरपिस्टना अंग आवळायच्या पद्धतीबद्दल नम्रपणे विचारावं.

पावणेदहा वाजता लॅबमध्ये पीपीवाल्यांची रांग लागली. पोहे नाहीतर इडली खाऊन आलेली माणसं, ढेकर दाबत, हातातल्या चिठ्ठीवरची वेळ पुन्हा पुन्हा बघत. ताईंनी बाक आधीच मोकळा करून त्यावर स्वच्छ चादर टाकून ठेवली होती. आडवं झोपवून रक्त घ्यायचं, हे त्यांनी बरोबर ठरवलं होतं. काउंटरवरून नाव पुकारलं गेलं. पुन्हा एकदा. खाली गेटशी त्याची बायको दिसली, एक हात स्कूटरच्या हँडलवर, दुसऱ्या हातात मोबाईल. तो पाठमोरा, हेल्मेट घालून बसलेला. ती काहीतरी समजावत होती, त्याने मान हलवली, तीही मागे बसली. "येतील सोमवारी," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि राखाडी टोपणाच्या रिकाम्या नळीवरची त्याच्या नावाची चिठ्ठी नखाने सोलून काढली.